दुखण्यावर डबा की डाळ?

‘डॉक्टर, अमिनोची पावडर सुरू करू का? कमरेला, गुडघ्याला चांगली असते म्हणतात.’ हा प्रश्न बोईसरला आता नवा राहिलेला नाही. पूर्वी तो व्यायामशाळेत जाणारी पोरे दंड फुगवण्यासाठी विचारीत. आता पन्नाशीच्या बाया विचारतात, औद्योगिक वसाहतीत बारा-बारा तास उभा राहणारा कंत्राटी कामगार विचारतो, पालघरहून येणारे निवृत्त मास्तर विचारतात. कोणाच्या मोबाईलवर चित्रफीत आलेली असते, कोणाचा मेहुणा साखळी-विक्रीच्या धंद्यात असतो, आणि दीड-दोन हजारांचा डबा घरात येऊन पडतो. डबा फोडण्याआधी विचारणारे थोडे. अर्धा संपला आणि दुखणे तसेच राहिले, की मग बहुतेकांना डॉक्टर आठवतो.

प्रश्न वेडगळ नाही, म्हणून या आठवड्याची जागा त्यालाच देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढे वाचायला सवड नाही त्यांचेही काम होईल. जुनाट दुखण्यावर अमिनो आम्लांचे डबे बहुतेकांच्या उपयोगाचे नाहीत. त्यांतल्या अनेकांच्या ताटात मात्र प्रथिने खरोखरच कमी असतात, आणि तोच पैसा डाळ, अंडी, सुकट यांवर गेला तर फरक पडतो. आणि ताटाकडे वळण्याच्याही आधी, दुखते ते कशामुळे, हे एकदा शोधलेच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तर विशेषच. त्याचे कारण शेवटी येईल.

प्रथिन म्हणजे माळ आणि अमिनो आम्ले म्हणजे तिचे मणी, असे समजा. मणी वीस प्रकारचे. त्यांपैकी नऊ प्रकार आपले शरीर स्वतः घडवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. डाळ खा, अंडे खा, बोंबील खा, पोटात माळ तुटते, मणी सुटे होऊन रक्तात जातात आणि शरीर त्यांतून आपल्याला हव्या त्या नव्या माळा ओवते. स्नायू, रक्तातले हिमोग्लोबिन, जखमेवर येणारी नवी कातडी, सगळे यातूनच.

वेदनेशीही या मण्यांचे नाते आहे. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी मेंदूतच तयार होणारी, अफूसारखे काम करणारी द्रव्ये शोधून काढली. त्यांना एन्केफॅलिन म्हणतात, आणि ती म्हणजे अवघ्या पाच अमिनो आम्लांची चिमुकली माळ. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सिरोटोनिन बनते. झोप, मनःस्थिती आणि वेदना या तिन्हींशी त्याचा संबंध आहे. ग्लुटामेट हे अमिनो आम्ल मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे नेते, तर त्याच्यापासूनच बनणारे गाबा तो निरोप दाबते. नसांच्या दुखण्यावर आम्ही डॉक्टर गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन या ज्या गोळ्या देतो, त्यांची घडण मुळात या गाबाच्या नमुन्यावरूनच झाली.

मग विकणारा म्हणतो, वेदना शमवणारे द्रव्य अमिनो आम्लांचेच ना? मग अमिनो आम्ले खा, वेदना जाईल! ऐकायला बिनतोड. पण विटांचा ट्रक दारात ओतला म्हणून घरावर मजला चढत नाही. शरीर गरजेपुरतेच मणी ओवते, उरलेले जाळून टाकते, आणि त्यातून निघणारा नत्राचा कचरा मूत्रपिंडांनी उपसायचा असतो. ट्रिप्टोफॅनची तर आणखी एक अडचण आहे. रक्तातून मेंदूत शिरायला त्याला ज्या दारातून जावे लागते, त्याच दारातून दुसरी कितीतरी अमिनो आम्ले घुसत असतात. संध्याकाळी विरारला डहाणू लोकलच्या दारात काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्रथिनांत ट्रिप्टोफॅन आधीच फार थोडे. डबा रिचवला की इतरांची गर्दी वाढते आणि हा बिचारा फलाटावरच राहतो.

याच्या चाचण्या झाल्या नाहीत असेही नाही. डी-फेनिलॲलानिन नावाचे अमिनो आम्ल एके काळी वेदनेवर रामबाण म्हणून गाजले होते. शरीरातले एन्केफॅलिन ते लवकर मोडू देत नाही, असा त्यामागचा तर्क. जुनाट दुखण्याच्या रुग्णांत ते औषध आणि नुसती बिनऔषधी गोळी यांची तुलना करून १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध काही सरस ठरले नाही. गुडघ्यासाठी सर्रास विकले जाणारे ग्लुकोसामाइन (हे अमिनो आम्ल नव्हे, अमिनो शर्करा, पण दुकानात दोघे एकाच फळीवर बसलेले असतात) अमेरिकेत सरकारी पैशाने मोठ्या चाचणीत तपासले गेले. २००६ साली निकाल आला. सगळ्या रुग्णांचा मिळून विचार करता, तेही बिनऔषधी गोळीच्या पुढे गेले नाही.

नुसता पैसाच वाया जात असता तर मी एवढे लिहिले नसते. १९८९ च्या अखेरीस अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या डॉक्टरांपुढे काही विलक्षण रुग्ण आले. अंगभर स्नायूंचे असह्य दुखणे, आणि रक्तात इओसिनोफिल जातीच्या पेशी बेसुमार वाढलेल्या. सगळ्यांत सामाईक गोष्ट एकच निघाली. हे सगळे जण दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेत होते, कोणी झोपेसाठी, कोणी उदासीवर, कोणी दुखण्यावर. पुढे देशभरात पंधराशेहून अधिक रुग्ण सापडले आणि त्यांतले तीसहून अधिक दगावले. तपासात असे दिसले की रुग्णांनी घेतलेला माल जवळजवळ सगळा जपानमधल्या एकाच उत्पादकाचा होता, आणि त्यात राहिलेल्या अशुद्ध अंशांवर संशय गेला. वाचले त्यांच्यापैकी अनेकांची अंगदुखी पुढे वर्षानुवर्षे सुटली नाही. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असे कोणी डबा पुढे सरकवून म्हणाले, की मला हे प्रकरण आठवते.

ज्यांच्या घरी डबा आधीच येऊन पडला आहे, त्यांनी तो आणून दाखवावा. साधी दुधाची किंवा सोयाबीनची पावडर असेल आणि मूत्रपिंडे धड असतील, तर दुधात घालून संपवून टाका, फेकू नका. ज्याच्यावर नेमके काय किती आहे तेच लिहिलेले नाही, तो मात्र मी परत बांधून देतो.

मग आहाराचा आणि दुखण्याचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि जाहिरातवाल्यांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. गुडघा, कंबर, मान यांना सांभाळतात ते स्नायू. चाळिशीनंतर ते आपोआपच थोडेथोडे झिजू लागतात. ज्याला दुखते तो हलत नाही, जो हलत नाही त्याचे स्नायू आणखी झिजतात, आणि आधार सुटलेला सांधा आणखी दुखतो. या रहाटगाडग्यात अन्नातून प्रथिनेच आली नाहीत, तर नुसत्या मलमाने आणि शेकाने काय होणार?

आणि आपल्याकडे सांधे दुखू लागले की घरातली वडीलधारी मंडळी सर्वांत आधी काय करतात? डाळ बंद! वाल वातूळ, चवळी वातूळ, तूरडाळीने पित्त होते, अंडे उष्ण, दही सांध्यात बसते. मग ताटात उरते काय? भात, बटाट्याची पातळ भाजी, पापड आणि लोणचे. (बटाटाही वातूळच, पण तो कोणी सोडलेला माझ्या पाहण्यात नाही.) म्हणजे ज्या माणसाला प्रथिनांची गरज वाढलेली असते, नेमके त्याचेच प्रथिन तोडायचे. अशा एक काकू माझ्याकडे येत. गुडघ्यासाठी दोन वर्षे डाळ तोंडात घातली नव्हती. मांड्या अगदी काठीसारख्या. खुर्चीतून उठायला दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागे. डब्यावर मात्र दर महिन्याला खर्च चालू होता. डाळ, रोज एक अंडे, रात्री दूध आणि खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम, इतकेच त्यांना तीन महिने करायला लावले. दुखणे गेले का? नाही गेले. पण आता त्या स्टेशनचा पूल कठडा धरून एकट्या चढतात आणि दुखण्याची गोळी रोजची आठवड्यातून दोनवर आली. जुनाट दुखण्यात मी यालाच यश म्हणतो.

आयुर्वेदाशी माझे भांडण नाही. वातूळ म्हणजे पोटात वारा धरणारे, एवढा व्यवहारातला अर्थ घेतला तर तो खराच आहे. पण पोटातला वारा चालत गुडघ्यात जात नाही. वारा धरतो म्हणून पदार्थ सोडण्याऐवजी तो नीट करून खावा. वाल, मूग, मटकी आठ-दहा तास भिजवून, पाणी फेकून, मोड आणून शिजवावेत, फोडणीत हिंग घालावा. आपल्या आज्या हेच करीत होत्या. त्यांना गॅस होत नसे असे नाही, पण त्यांनी बिरडे सोडले नाही.

येथे एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न व कृषी संघटनेत अनेक वर्षे सांख्यिकी विभागाचे प्रमुख. एक काळ असा होता की गरीब देशांतल्या कुपोषणाचे मूळ म्हणजे प्रथिनांचा तुटवडा, असे सारे जग मानत होते आणि त्यासाठी खास प्रथिनयुक्त खाद्ये तयार करण्याची धडपड चालली होती. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितले की मुख्य अडचण पोट न भरण्याची आहे. साधे डाळ-भात, डाळ-भाकरी पोटभर मिळाली तर त्यातच पुरेसे प्रथिन असते, आणि पोट अर्धे असेल तर खाल्लेले प्रथिनही शरीर सरपणासारखे जाळून टाकते. त्यांच्या इतर काही मतांवर पुढे बरेच वाद झाले, पण हा मुद्दा टिकला. आजच्या डबेवाल्यांना तोच ऐकवावासा वाटतो. फक्त एक पुस्ती जोडतो. सुखात्म्यांच्या ताटात डाळ होती. आपल्या वस्तीतल्या अनेक ताटांत पोट भरते ते नुसत्या भाताने, आणि खाणारा आता पंचवीस वर्षांचा उरलेला नसतो.

आकडे सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवे. पण मुख्यतः धान्यावरच राहणाऱ्याने ते एक ग्रॅमच्या आसपास धरावे, कारण धान्याचे प्रथिन तितके कसदार नसते. म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईला साधारण पन्नास-पंचावन्न ग्रॅम. आता हिशेब करा. दिवसाला तीनशे ग्रॅम तांदूळ शिजवून खाल्ला तर सुमारे बावीस-तेवीस ग्रॅम. तूरडाळ दोन वेळची मिळून साठ ग्रॅम घेतली तर तेरा. एक अंडे, साडेसहा. पेलाभर दूध, सहा-सात. मूठभर भाजलेले शेंगदाणे, सहा-सात. झाले पंचावन्न! यात डबा कुठे आला? शिवाय तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीत मेथिओनिन कमी असते ते तांदूळ भरून काढतो. वरण-भात हा लग्न चांगले जमलेला जोडा आहे. पण वरण म्हणजे पिवळे पाणी नव्हे. वाटीत डाव उभा राहिला नाही तरी तळ दिसता कामा नये.

किनाऱ्यावरच्या आपल्या मांगेला भगिनींना आणि सातपाटी, दांडी, नवापूरकडच्या मंडळींना मी प्रथिनांवर काय सांगावे? सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते. औद्योगिक वसाहतीत येणारा कोणताही डबा याच्या फार पुढे नाही. तारली, बांगडा हे स्वस्त मासे तर सांध्यांच्या सुजेसाठीही चांगले. फक्त रक्तदाब असलेल्यांनी खारवलेला मासा भिजवून, दोनदा पाणी बदलून, जपून खावा.

मला जास्त काळजी वाटते ती जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून इकडे कामाला आलेल्या तरुणांची. गावाकडे नागलीची भाकर, उडदाची आमटी, कुळीथ, तूर, पावसात खेकडे-मासे असे काही ना काही पोटात जात होते. इकडे खोलीवर चार जण मिळून भात शिजतो, पहाटेच्या पाळीला चहा-बिस्कीट, सुटल्यावर वडापाव. नागली गेली, उडीद गेला. पंचविशीत कंबर धरून येतात. उत्तरेतून आलेला कामगार निदान खिशात चणे बाळगतो; सत्तू घोळून पितो. ही सवय आपल्या पोरांनी उचलण्यासारखी आहे. मूठभर फुटाणे पाळीच्या मधल्या सुट्टीत खाल्ले, तर दीड-दोन हजारांचा डबा लागत नाही.

आता ज्यांनी सरसकट प्रथिने वाढवू नयेत ते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीही वाढवायचे नाही. युरिक ॲसिडच्या सांधेदुखीत (अंगठा लालबुंद होऊन ठणकतो ती) लोक डाळ सोडतात आणि सुकटीबरोबर बिअर घेतात. नेमके उलटे! मांस, मासे, कोलंबी आणि बिअर यांनी तो आजार वाढतो. डाळींचा तसा दोष मोठ्या पाहण्यांत दिसलेला नाही आणि दूध-दह्याने तर फायदाच दिसला. आणि वजन जास्त असलेल्यांनी लक्षात घ्यावे, डाळ वाढवायची तर भात तेवढा कमी करायचा.

प्रथिनांखेरीज आणखी दोन गोष्टी ‘वात’ म्हणून खपतात. एक, ड जीवनसत्त्वाची कमतरता. हाडे दाबली की दुखतात, जिना चढताना मांड्यांत जोर येत नाही, चाल बदकासारखी होते. आपल्याकडे ऊन भरपूर, पण कायम रात्रपाळी करणारा आणि दिवसभर खोलीत झोपणारा, किंवा घराबाहेरच न पडणारी बाई यांना ते मिळत नाही. तपासून, मोजून औषध घेतले तर दोन-तीन महिन्यांत गुण येतो. मात्र ‘ताकदीचे’ म्हणून सहा-सहा लाखांची इंजेक्शने पुन्हापुन्हा टोचून घेणे घातक आहे. रक्तातले कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडे बिघडतात. दुसरी गोष्ट, बी-१२. तळपायांची आग, मुंग्या, रात्री झोप न येणे. कडक शाकाहारी माणसांत, मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीची गोळी रोज गिळणाऱ्यांत ते कमी होते. ताडी-माडी किंवा दारू रोजची असेल तर बी-१ चाही विचार करावा लागतो. हे सगळे साध्या तपासणीत कळते.

आता गोळ्या आणि पुड्या. दुखण्याच्या गोळ्यांना माझा विरोध नाही, मी त्या रोज लिहून देतो. पण डायक्लोफिनॅक किंवा तशीच गोळी दुकानातून परस्पर घेऊन, उपाशीपोटी, महिनोन्‌महिने, भट्टीजवळ घाम गाळत काम करणाऱ्याने खाल्ली, तर जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे खलास होतात. जडीबुटीच्या नावाने बाजारात मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, चेहरा भरतो, आणि लोक म्हणतात तब्येत सुधारली. पुढे साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. ज्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार होतो, तिच्यापासून लांब राहा.

आणि आता, आपल्या जिल्ह्याचे ते विशेष कारण: सिकलसेल. वारली, कातकरी, कोकणा अशा आदिवासी समाजांत हा आजार आनुवंशिकतेने चालत येतो. विदर्भात आणि नंदुरबारकडेही तो आहे. अमिनो आम्ल आणि वेदना यांची गाठ जगात कुठे खरोखर पडली असेल, तर ती येथे. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत १४६ मणी असतात. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी केंब्रिजला दाखवून दिले की या आजारात त्यांपैकी फक्त एक मणी बदललेला असतो. पुढे कळले की तो सहावा. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. एवढ्याने तांबडी पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, पाठीत, छातीत असह्य ठणका उठतो. थंडी, पावसात भिजणे, ताप, अंगातले पाणी कमी होणे, ही त्याची निमित्ते. अंगावर सूज नाही, ‘एक्स-रे’ सुरुवातीला स्वच्छ, आणि माणूस मात्र लोळतो. मुकादमाला वाटते सोंग करतो आहे.

असा एक बाविशीतला तरुण माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पिशवीत चार ठिकाणच्या चिठ्ठ्या होत्या. सगळीकडे ‘संधिवात’, सगळीकडे इंजेक्शन. अशक्तपणासाठी लोहाचे टॉनिक, आणि वर कोणीतरी गळ्यात मारलेला प्रथिनांचा डबा. दर पावसाळ्यात आठ-आठ दिवस खाडे, म्हणून दोन कंत्राटदारांनी काढून टाकलेले. डोळे पिवळसर, एका कमरेच्या खुब्यात लंगड. धाकटी बहीण लहानपणीच ‘कावीळ’ होऊन गेली, असे त्याने सहज सांगितले. रक्ताची साधी चाचणी केली, मग मोठी. दोन्हींत सिकलसेल. चार वर्षे त्याचे दुखणे खरे आहे की नाही यावरच लोक वाद घालत होते.

या आजारात हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मुख्य. ते स्वस्त आहे आणि वेदनेचे झटके कमी करते; मात्र रक्त तपासत तपासत घ्यावे लागते. जोडीला फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडी-पावसापासून बचाव. लोहाचे टॉनिक तपासल्याशिवाय नाही. आणि होय, यात एका अमिनो आम्लाला औषध म्हणून मान मिळालेला आहे. शुद्ध एल-ग्लुटामिनच्या पावडरीला २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. चाचणीत वर्षभराच्या काळात बिनऔषधी गटाला साधारण चार झटके आले, तर ग्लुटामिन घेणाऱ्यांना तीन. फायदा आहे, पण बेताचा. युरोपच्या औषध समितीला तो पुरेसा वाटला नाही आणि २०१९ मध्ये तिने प्रतिकूल मत दिले. म्हणून हे वाचून कोणी व्यायामशाळेच्या दुकानातला ग्लुटामिनचा डबा उचलू नये. हायड्रॉक्सीयुरिया सोडून तर मुळीच नाही. त्या तरुणाचा डबा मी बंद केला, हायड्रॉक्सीयुरियासाठी सरकारी रुग्णालयात पाठवले, आणि त्याच्या मुकादमासाठी एक सविस्तर चिठ्ठी लिहून दिली. तिचा उपयोग औषधाइतकाच झाला. आता तो पाण्याची बाटली जवळ ठेवून आत, कोरड्या जागी काम करतो.

१ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झालेली आहे, आणि तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते. आदिवासी कुटुंबातल्या ज्या मुलाला किंवा तरुणाला वारंवार हाडे दुखतात, डोळे पिवळे होतात, तान्हेपणी हातापायांचे पंजे सुजत होते, त्याची ही तपासणी एकदा झालीच पाहिजे. आणि त्याच्या सख्ख्या भावंडांचीही. दोन वाहक व्यक्तींचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून लग्नाच्या बोलणीआधीच कार्ड पाहावे. नुसता वाहक असेल तर त्याला बहुधा काहीच त्रास नसतो आणि औषधही लागत नाही, त्याला उगाच रोगी ठरवू नये. तपासणीचे कार्ड मिळाले की ते रेशनकार्डाबरोबर ठेवा. पाळीवर जाताना त्याची एक प्रत खिशात असू द्या, आणि कोणत्याही दवाखान्यात इंजेक्शनसाठी बाही वर करण्याआधी ते डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.